शिकाऊ उमेदवार आणि कुशल कारागीर : सोळाव्या शतकातील फ्रेंच मुद्रणव्यवसायातील श्रमसंघर्ष (१५३९–१५७२)

प्रास्ताविक

मुद्रणकलेचा इतिहास बहुधा ग्रंथांचा आणि मुद्रक-मालकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. गुटेनबर्गने खिळ्यांचा शोध कसा लावला, कोणत्या शहरात पहिला ग्रंथ कधी छापला गेला, धर्मसुधारणेच्या चळवळीला छापील पत्रकांनी कसे बळ दिले, या प्रश्नांवर विपुल लेखन झालेले आहे. परंतु ज्यांनी ते खिळे जुळवले, शाई लावली आणि यंत्राचा दांडा ओढला, त्या कारागिरांचे जीवन या इतिहासात क्वचितच डोकावते. वास्तविक छापखाना हा युरोपातील आरंभीच्या अशा उत्पादनस्थळांपैकी एक होता, जेथे यंत्र आणि कच्चा माल मालकाचा, कौशल्य कामगाराचे आणि तयार होणारा माल दूरच्या बाजारपेठेसाठी, अशी विभागणी स्पष्टपणे दिसून येते. साहजिकच मजुरीवरील संघर्षही येथे लवकर उद्भवला.

या संघर्षात वेतन, जेवण, कामाचे तास असे अनेक मुद्दे होते. तथापि सर्वांत चिवट ठरला तो शिकाऊ उमेदवारांचा मुद्दा. एका मालकाने किती उमेदवार ठेवावेत आणि त्यांच्याकडून कोणते काम करून घ्यावे, हा तो प्रश्न होता. वरवर पाहता तो एका व्यवसायाचा अंतर्गत तपशील वाटतो. परंतु १५३९ ते १५७२ या तेहेतीस वर्षांत फ्रान्सच्या राजाला त्यावर वारंवार निर्णय द्यावा लागला आणि अखेरीस मूळ निर्णय फिरवावा लागला. प्रस्तुत निबंधात ल्यों या शहराला केंद्रस्थानी ठेवून या संघर्षाचे स्वरूप तपासले आहे. कारागिरांचा विरोध यंत्राला नव्हता आणि शिक्षणालाही नव्हता. शिक्षणाच्या नावाखाली विनावेतन श्रम घेण्याच्या पद्धतीला तो होता, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

या विषयाच्या अभ्यासात आंरी हाउझर यांचे १८९९ मधील जुन्या काळच्या कामगारांविषयीचे पुस्तक पायाभूत मानले जाते. पुढे ल्यूसियाँ फेव्र आणि आंरी-जाँ मार्तँ यांच्या १९५८ मधील ग्रंथाने छापील पुस्तकाच्या सामाजिक इतिहासाची चौकट दिली, तर नॅटली झेमन डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात ल्योंच्या कारागिरांच्या गुप्त संघटनेचा सविस्तर शोध घेतला. येथील विवेचन प्रामुख्याने या अभ्यासपरंपरेवर आधारलेले आहे.

ल्यों शहर आणि मुद्रणव्यवसाय

ल्यों हे सोन आणि ऱ्होन या नद्यांच्या संगमावरील व्यापारी शहर. वर्षातून चार वेळा भरणाऱ्या जत्रांमुळे इटली, जर्मनी आणि स्पेन येथील व्यापारी व सावकार तेथे येत असत. १४७३ मध्ये बार्तेलेमी ब्युये या धनिकाच्या भांडवलावर गियोम ल र्वा या मुद्रकाने तेथे पहिला ग्रंथ छापला. त्यानंतरच्या काही दशकांत ल्यों हे पॅरिसच्या खालोखाल फ्रान्समधील सर्वांत मोठे मुद्रणकेंद्र बनले. कायदा, वैद्यक आणि धर्म या विषयांवरील जाड ग्रंथांपासून लोकरंजनाच्या स्वस्त पुस्तिकांपर्यंत सर्व काही येथे छापले जाई. राब्ले या लेखकाचे ‘पांताग्र्युएल’ १५३२ च्या सुमारास याच शहरात प्रथम प्रसिद्ध झाले. सेबास्तियाँ ग्रिफ यांच्यासारख्या विद्वान मुद्रकांची कीर्ती सर्व युरोपभर होती.

पॅरिस आणि ल्यों यांच्यात एक महत्त्वाचा फरक होता. पॅरिसमधील ग्रंथव्यवसाय विद्यापीठाच्या देखरेखीखाली वाढला. ल्योंमध्ये विद्यापीठ नव्हते आणि सोनार, कुलूपकार यांसारखे मोजके धंदे वगळता बहुतेक व्यवसाय गिल्डच्या, म्हणजे शपथबद्ध व्यवसायश्रेणीच्या, नियमांपासून मुक्त होते. गिल्डमध्ये उमेदवारीची मुदत, उमेदवारांची संख्या, कारागीर होण्याची परीक्षा हे सर्व ठरलेले असे. ल्योंच्या छापखान्यांत अशी कोणतीही मर्यादा नव्हती. ज्याच्याकडे भांडवल त्याने छापखाना काढावा आणि हवे तितके उमेदवार ठेवावेत, अशी मोकळीक होती. नगरपालिकेच्या दृष्टीने या मोकळिकीमुळे शहराची भरभराट होत होती. कारागिरांच्या दृष्टीने मात्र तिचा अर्थ निराळा होता.

व्यवसायातील भांडवलाची रचनाही येथे लक्षात घ्यावयास हवी. अनेक मुद्रक-मालक स्वतंत्र नव्हते. मोठे ग्रंथव्यापारी कागद पुरवीत, काम देत आणि तयार प्रती विकत. कागद हा ग्रंथाच्या खर्चातील फार मोठा भाग असे. कागदाचा भाव मुद्रकाच्या हाती नव्हता, खिळ्यांची किंमतही नव्हती. ज्या एका खर्चावर तो कात्री चालवू शकत होता, तो म्हणजे मजुरी. उमेदवारांच्या प्रश्नाचे मूळ मालकांच्या स्वभावदोषात शोधण्यापेक्षा या रचनेत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

छापखान्यातील श्रमविभागणी

त्या काळच्या लाकडी हातयंत्रावर किमान दोन माणसे लागत. एक जण चामड्याच्या गोळ्यांनी खिळ्यांवर शाई लावी, तर दुसरा ओला केलेला कागदाचा ताव बसवून दांडा ओढी. त्यांना काम पुरविण्यासाठी एक किंवा अधिक जुळारी लागत. जुळाऱ्याला लॅटिन आणि प्रसंगी ग्रीक अक्षरे वाचता येणे, ती उलटी ओळखता येणे आणि ओळी समान लांबीच्या बसविणे आवश्यक असे. शिवाय मुद्रितशोधक असे. या सर्वांचे काम परस्परांत गुंतलेले होते. जुळारी थांबला की यंत्र थांबे आणि दांडा ओढणारा थांबला की जुळाऱ्याचे खिळे फर्म्यात अडकून पडत.

कामाचा वेग आणि ताण किती होता, याची कल्पना १५७० च्या दशकातील वादांतून येते. ल्योंच्या कारागिरांकडून दिवसाला ३३५० ताव छापून घेतले जात, तर पॅरिसमध्ये हे प्रमाण २६५० होते. आपले काम पहाटे दोन वाजता सुरू होऊन रात्री आठ-नऊपर्यंत चालते, असे ल्योंच्या कारागिरांचे गाऱ्हाणे होते. कामाचा दिवस सोळा तासांचा धरला तरी ३३५० ताव म्हणजे ताशी दोनशेहून अधिक ताव होतात. असे काम नवशिक्याच्या हातून होणे शक्य नव्हते. मात्र एक अनुभवी कारागीर दांडा ओढीत असेल आणि शाई लावणारा दुसरा माणूस वर्ष-दोन वर्षे मुरलेला उमेदवार असेल, तर ते शक्य होते. मालकांच्या हिशेबाची मेख नेमकी येथे होती.

उमेदवाराला वेतन नसे. त्याला अन्न आणि निवारा मिळे आणि काही वर्षांनी व्यवसाय शिकून बाहेर पडण्याची आशा असे. आरंभी त्याने झाडलोट करावी, ताव ओले करावेत, शाई घोटावी, निरोप पोचवावेत, अशी अपेक्षा असे. हळूहळू तो यंत्रावर उभा राही. ज्या दिवशी तो कारागिराच्या जागी पूर्ण वेळ उभा राहू लागला, त्या दिवसापासून त्याची उमेदवारी ही मालकासाठी मजुरीतील निव्वळ बचत ठरत असे. शिवाय त्याला हे काम कोण शिकवी, तर शेजारी उभा असलेला कारागीरच. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर कारागीर आपल्याच जागेवर येणाऱ्या विनावेतन माणसाला स्वतःच्या हाताने तयार करीत होता.

१५३९ चा संप

१५३९ च्या वसंत ऋतूत ल्योंच्या छापखान्यांतील कारागिरांनी एकजुटीने काम थांबविले. ‘त्रिक’ हा त्यांचा परवलीचा शब्द होता. तो उच्चारताच छापखान्यातील सर्वांनी हातातील काम टाकून बाहेर पडावयाचे, असा संकेत होता. या घटनेला फ्रेंच इतिहासात ‘ल्योंचा मोठा त्रिक’ असे संबोधले जाते. संप काही महिने चालला आणि शहरातील छपाई जवळजवळ ठप्प झाली. कारागीर गटागटाने रस्त्यांवरून फिरत, कामावर राहिलेल्यांना धमकावीत आणि प्रसंगी मारहाणही करीत.

त्यांच्या तक्रारी तीन प्रकारच्या होत्या. पहिली जेवणाविषयी होती. परंपरेनुसार कारागीर मालकाच्या घरी मालकाच्या पंक्तीला जेवत. हा वेतनाचाच भाग होता. जेवणाचा दर्जा घसरला आहे आणि पूर्वीसारखे अन्न मिळत नाही, असे कारागिरांचे म्हणणे होते. सोळाव्या शतकात धान्याचे भाव चढत असताना पंक्तीतील जेवण हे महागाईविरुद्धचे संरक्षण होते, हे येथे ध्यानात ठेवावे लागेल. दुसरी तक्रार वेतन व कामाच्या दिवसांविषयी होती. आपल्या मर्जीने काम थांबविण्याची वा सणाच्या आदल्या दिवशी लवकर सुटण्याची मुभा कारागिरांना हवी होती. तिसरी तक्रार उमेदवारांविषयी होती. मालक वाटेल तितके उमेदवार घेतात, त्यांच्याकडून कारागिरांचे काम करवून घेतात आणि त्यामुळे शिकून तयार झालेल्या माणसाला काम मिळत नाही, असे ते सांगत.

या तिन्ही मागण्या परस्परांशी निगडित होत्या. उमेदवारांची संख्या अमर्याद असेल तर जेवण आणि वेतन यांविषयीचा कोणताही करार टिकू शकत नव्हता. कारागिराने तक्रार केली की त्याला काढून तीन वर्षांचा उमेदवार त्या जागी उभा करता येई. म्हणून उमेदवारांच्या संख्येवर मर्यादा ही अन्य मागण्यांच्या पूर्ततेची पूर्वअट होती.

ल्योंच्या तत्कालीन सामाजिक परिस्थितीचाही येथे विचार करावयास हवा. १५२९ मध्ये धान्यटंचाईमुळे शहरात मोठी दंगल झाली होती. १५३४ मध्ये गरिबांना नियमित मदत देणारी सार्वजनिक धर्मादाय संस्था स्थायी स्वरूपात स्थापन झाली. या संस्थेच्या आश्रयाला असलेली अनाथ मुले निरनिराळ्या धंद्यांत उमेदवार म्हणून दिली जात. १५३६ मध्ये एत्येन त्युर्के या व्यापाऱ्याने रेशीम उद्योग सुरू केला, तेव्हा त्यालाही अशाच गरीब मुलामुलींचे श्रम उपलब्ध झाले. गरीब मुलांना काम शिकविणे हे पुण्यकर्म होते, शहराच्या शांततेसाठी आवश्यक होते आणि उद्योजकांच्या फायद्याचेही होते. त्यामुळे उमेदवारांची संख्या मर्यादित करा, ही मागणी नगरप्रमुखांच्या कानांना कठोर आणि स्वार्थी वाटणे स्वाभाविक होते.

राजसत्तेचा कौल : १५३९ ते १५४१

ल्योंच्या शाही न्यायाधिकाऱ्याने ३१ जुलै १५३९ रोजी निर्णय दिला. कारागिरांना परवानगीविना एकत्र जमण्यास, शस्त्रे बाळगण्यास आणि ‘त्रिक’ पुकारण्यास बंदी करण्यात आली. मालकांना मात्र हवे तितके उमेदवार ठेवण्याचा अधिकार मान्य करण्यात आला. जेवणाच्या बाबतीत तेवढा कारागिरांना काहीसा दिलासा मिळाला. पूर्वीप्रमाणे योग्य व पुरेसे अन्न द्यावे, असे मालकांना बजावण्यात आले.

त्याच ऑगस्टमध्ये पहिला फ्रान्सिस राजा व्हिलेर-कोतरे येथे होता. तेथे काढलेला त्याचा विस्तृत अध्यादेश फ्रान्सच्या भाषिक इतिहासात प्रसिद्ध आहे, कारण त्याने न्यायालयीन कागदपत्रांतून लॅटिनची उचलबांगडी करून फ्रेंच भाषेला स्थान दिले. याच अध्यादेशात धंदेवाईक बंधुसंघ बरखास्त करण्याची आणि मालक वा कारागीर यांनी आपसांत संगनमत करू नये, अशीही कलमे होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. मायबोलीला न्यायालयात प्रवेश देणाऱ्या दस्तऐवजानेच कामगारांच्या एकत्र येण्याला मज्जाव केला. त्याच ठिकाणाहून ३१ ऑगस्ट १५३९ रोजी पॅरिसच्या मुद्रकांसाठी स्वतंत्र आज्ञा निघाली. तीतही कारागिरांच्या संघटनेवर बंदी आणि मालकांना उमेदवार घेण्याचे स्वातंत्र्य हीच सूत्रे होती.

विद्येचा आश्रयदाता म्हणून गौरविलेल्या राजाने असा पक्षपाती निर्णय का दिला असावा? याची दोन कारणे संभवतात. एक आर्थिक. मुद्रण हा राज्याला प्रतिष्ठा आणि व्यापार मिळवून देणारा व्यवसाय होता आणि तो अन्यत्र जाण्याची भीती होती. दुसरे राजकीय. १५३४ च्या ऑक्टोबरमध्ये कॅथलिक विधीची निंदा करणारी छापील पत्रके पॅरिससह अनेक ठिकाणी चिकटविण्यात आली होती. त्यानंतर १५३५ च्या आरंभी राजाने काही काळ सर्व छपाईच बंद करण्याचा हुकूम काढला होता. छापखान्यातील माणसे साक्षर आहेत, फिरती आहेत आणि शपथेने बांधलेली आहेत, ही गोष्ट राजसत्तेला भयसूचक वाटली असल्यास नवल नाही.

निर्णयाने संघर्ष संपला नाही. कारागिरांनी वरिष्ठ न्यायालयात दाद मागितली. मालकांनी आपले छापखाने ल्योंच्या दक्षिणेकडील व्हिएन या गावी हलविण्याची धमकी दिली. ही धमकी परिणामकारक ठरली. नगरप्रमुख मालकांच्या बाजूने उभे राहिले आणि २८ डिसेंबर १५४१ रोजी फाँतेनब्लो येथून निघालेल्या राजाज्ञेने मालकांच्या बाजूने पुन्हा कौल दिला. उद्योग दुसरीकडे नेण्याची धमकी हे भांडवलाचे शस्त्र किती जुने आहे, याचा हा एक नमुना होय.

गुप्त संघटना : ग्रिफारँ

कायद्याने बंदी घातली तरी कारागिरांची संघटना नाहीशी झाली नाही. ती भूमिगत झाली. ल्योंमध्ये या संघटनेच्या सदस्यांना ग्रिफारँ म्हणत. नव्या सदस्याला शपथ दिली जाई, दीक्षाविधी होई, सामायिक निधीतून आजारी वा बेकार बांधवाला मदत केली जाई. संघटनेत न येणाऱ्या किंवा कमी मजुरीवर काम करणाऱ्या कारागिराला ‘फॉरफाँ’ असे हिणवले जाई आणि त्याच्यासोबत काम करण्यास सदस्य नकार देत.

डेव्हिस यांच्या संशोधनाचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी या संघटनेला धर्म आणि संस्कृती यांच्या संदर्भात पाहिले. ल्योंच्या छापखान्यांतील बहुसंख्य कारागीर साक्षर होते. १५५१ मध्ये त्यांनी रस्त्यांवरून फ्रेंच भाषेतील स्तोत्रे गात मिरवणुका काढल्या. धर्मसुधारणेच्या बाजूने ते उत्साहाने उभे राहिले. परंतु पुढे सुधारित चर्चच्या पंचांनी त्यांना गुप्त संघटनेची शपथ सोडण्यास सांगितले, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांनी चर्चकडे पाठ फिरविली. कॅथलिक राजा आणि प्रॉटेस्टंट पंच अन्य सर्व बाबतींत परस्परांचे वैरी होते, परंतु कारागिरांनी शपथ घेऊन एकत्र येऊ नये या बाबतीत त्यांचे एकमत होते.

उमेदवारांच्या संदर्भात या संघटनेचे महत्त्व असे की, मुद्रणव्यवसायात कोणाला ‘आपला’ मानावयाचे हे ठरविण्याचा अधिकार तिने स्वतःकडे घेतला. कायद्याने उमेदवारांची संख्या मालकावर सोपविली होती, परंतु उमेदवारी संपल्यावर त्याला बरोबरीचा कारागीर म्हणून स्वीकारावयाचे की नाही, हे कारागीरच ठरवीत. राजाज्ञेला हा प्रांत सहजासहजी गाठता येत नव्हता.

१५७१–७२ : निर्णयात बदल

मे १५७१ मध्ये नवव्या चार्ल्सच्या काळात गायाँ येथून मुद्रणव्यवसायाविषयी नवी राजाज्ञा निघाली. तिचा रोख पूर्वीसारखाच कारागिरांच्या विरुद्ध होता. या वेळी मात्र पॅरिस आणि ल्यों या दोन्ही शहरांतील कारागिरांनी एकत्र येऊन १५७२ मध्ये राजाकडे लेखी निवेदन सादर केले. ज्यांना एकत्र जमण्यास बंदी होती, त्यांनी दोन शहरांच्या वतीने एक मुखाने बोलावे, ही गोष्टच उल्लेखनीय आहे.

या निवेदनाचा युक्तिवाद लक्षणीय आहे. मुद्रण हा गुलामांचा धंदा नव्हे, तो स्वेच्छेने पत्करलेला सन्माननीय व्यवसाय आहे. मालक आणि कारागीर यांचे नाते एका कुटुंबासारखे, भाऊबंदांसारखे असावयास हवे. परंतु ग्रंथव्यापारी व काही मालक कारागिरांच्या घामावर श्रीमंत होतात आणि कारागिरांच्या वाट्याला दारिद्र्य व झिजलेली शरीरे येतात, असे त्याचे सार सांगता येईल. येथे कारागीर स्वतःला मालमत्ता नसलेले मजूर म्हणून मांडत नाहीत. ज्ञानाच्या निर्मितीतील भागीदार म्हणून मांडतात. आपले कौशल्य ही आपली मालमत्ता आहे आणि मालकाने उमेदवारांच्या संख्येद्वारे तिचे मोल पाडणे हा अन्याय आहे, हे त्यामागील सूत्र होते.

१० सप्टेंबर १५७२ रोजी राजाने नवे घोषणापत्र काढून आधीच्या आज्ञेत दुरुस्ती केली. त्यात प्रत्येक यंत्रामागे जास्तीत जास्त दोन उमेदवार अशी मर्यादा घालण्यात आली. संघटनेवरील बंदी उठली नाही. परंतु १५३९ पासून मालकाला असलेला ‘हवे तितके’ उमेदवार ठेवण्याचा अधिकार संपुष्टात आला. सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी, म्हणजे २४ ऑगस्ट १५७२ रोजी, पॅरिसमध्ये सुरू झालेल्या प्रॉटेस्टंटांच्या भीषण हत्याकांडाला तेव्हा जेमतेम सतरा दिवस झाले होते. त्या रक्तपाताच्या छायेत उमेदवारांच्या संख्येविषयीचे हे कलम इतिहासकारांच्या नजरेतून निसटले असल्यास त्यात आश्चर्य नाही.

मर्यादेसाठी यंत्र हा घटक निवडला गेला, हेही अर्थपूर्ण आहे. मालकामागे इतके उमेदवार, असे म्हटले असते तर मोठा आणि लहान मालक सारखेच ठरले असते. यंत्रामागे दोन असे म्हटल्याने उमेदवारांची संख्या प्रत्यक्ष कामाशी आणि पर्यायाने शिकविण्याच्या क्षमतेशी जोडली गेली. एका यंत्राभोवतीची माणसे किती जणांना खरोखर शिकवू शकतील, हा विचार त्यात अनुस्यूत आहे.

इंग्लंडशी तुलना

याच काळात इंग्लंडमध्येही उमेदवारांच्या संख्येवर मर्यादा आली, परंतु तिचा मार्ग वेगळा होता. १५५७ मध्ये लंडनच्या स्टेशनर्स कंपनीला शाही सनद मिळाली. १५८६ मध्ये स्टार चेंबर या न्यायसभेने काढलेल्या हुकुमाने मुद्रकाच्या कंपनीतील दर्जानुसार तीन, दोन किंवा एक अशी उमेदवारांची संख्या ठरविण्यात आली. या हुकुमाचा मुख्य हेतू छपाईवर नियंत्रण ठेवणे हा होता. मुद्रक जितके कमी तितकी देखरेख सोपी, असे सरकारचे गणित होते. फ्रान्समधील मर्यादेचे एकक यंत्र होते, इंग्लंडमधील मर्यादेचे एकक मालकाची प्रतिष्ठा. एकीमागे कारागिरांचा दीर्घ संघर्ष होता, तर दुसरीमागे सरकारी संशय आणि कंपनीतील वरिष्ठांचे हितसंबंध. नियम सारखा दिसला तरी तो कोणाच्या मागणीवरून आला, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

मूल्यमापन

कारागिरांच्या भूमिकेचे निर्भेळ समर्थन करणे इतिहासाच्या अभ्यासकाला शक्य नाही. त्यांच्या संघटनेत बळजबरी होती. ‘फॉरफाँ’ ठरविलेल्या माणसाला मार खावा लागे आणि तोही बहुधा गरजेपोटीच कमी मजुरी पत्करलेला गरीब माणूस असे. उमेदवारांना मारहाण झाल्याच्या तक्रारीही होत्या. संख्या मर्यादित करण्याचा अर्थ काही मुलांसाठी या व्यवसायाचे दार बंद होणे, हा होताच. मालकांनी याच मुद्द्यावर बोट ठेवले आणि तो सर्वस्वी खोटा नव्हता.

तथापि मालकांच्या युक्तिवादात एक लबाडी होती. त्यांनी दार उघडे ठेवले ते आत येण्यासाठी. बाहेर पडताना त्या मुलाचे काय होणार, याची जबाबदारी त्यांनी घेतली नाही. उमेदवारी संपवून कारागीर झालेल्या तरुणाला पहिली स्पर्धा करावी लागे ती त्याच्या जागी आलेल्या नव्या उमेदवाराशी. ज्या व्यवस्थेने त्याला शिकविले, तीच व्यवस्था शिकल्यानंतर त्याला महाग ठरवून बाजूला सारत होती. कारागिरांची मागणी केवळ स्वतःच्या पिढीपुरती नव्हती. आजच्या उमेदवाराला उद्या कारागीर म्हणून काम मिळावे, हेही तीत अभिप्रेत होते.

या सर्व वादात एका घटकाचा आवाज कोठेच ऐकू येत नाही. मालकांचे अर्ज आहेत, कारागिरांची निवेदने आहेत, न्यायाधीशांचे निर्णय आणि राजांच्या आज्ञा आहेत. ज्याच्यावरून हा वाद झाला, तो दहा-पंधरा वर्षांचा उमेदवार मात्र मुका आहे. मराठीत त्याच्यासाठी रूढ असलेला शब्द या दृष्टीने बोलका आहे. फ्रेंच भाषेतील शब्दात ‘शिकणे’ आहे, तर मराठीतील ‘उमेदवार’ या शब्दात ‘उमेद’ आहे. उद्याच्या आशेवर आज विनामूल्य राबणारा, असा अर्थ त्यातून आपोआप निघतो. ल्योंच्या मालकांनी वापरले ते त्याच्या हातांइतकेच त्याच्या उमेदीलाही.

हा प्रश्न सोळाव्या शतकात संपला नाही. भारतातील शिकाऊ उमेदवारांविषयीच्या १९६१ च्या अधिनियमात उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे, असे कलम १८ मध्ये स्पष्ट केले आहे आणि आस्थापनेतील उमेदवारांचे प्रमाण ठरविण्याची तरतूदही त्याच अधिनियमात आहे. पहिल्या तरतुदीत १५३९ च्या मालकांची भूमिका ऐकू येते, तर दुसरीत १५७२ च्या कारागिरांची. दोन्ही एकाच कायद्यात शेजारी शेजारी नांदतात, याचा अर्थ तोल अद्याप साधावयाचा आहे.

मराठी अभ्यासकांसाठीही यात एक सूचना आहे. ल्योंमधील हा वाद चालू असतानाच, १५५६ मध्ये, जेझुइटांचे मुद्रणयंत्र गोव्यात पोचले. त्या यंत्राची आणि पुढील भारतीय मुद्रणाची कहाणी अ. का. प्रियोळकर यांनी १९५८ मधील आपल्या इंग्रजी ग्रंथात साक्षेपाने मांडली. त्या पायावर आता छापखान्यातील जुळारी, यंत्रावरील कामगार आणि उमेदवार यांचा इतिहास उभा राहावयास हवा. मालकाचे नाव मुखपृष्ठावर असते. कामगाराचे नाव शोधण्यासाठी हजेरीपटाकडे, पगारपत्रकाकडे आणि न्यायालयीन कागदपत्रांकडे वळावे लागते.

निष्कर्ष

१. ल्योंमधील उमेदवारांविषयीचा संघर्ष यंत्राविरुद्ध वा नवशिक्यांच्या द्वेषातून उद्भवलेला नव्हता. शिक्षणाचे नाव देऊन कुशल कामगाराच्या जागी विनावेतन श्रम वापरण्याच्या पद्धतीविरुद्ध तो होता.

२. गिल्डच्या बंधनांतून मुक्त असलेल्या शहरात हा संघर्ष अधिक तीव्र झाला, कारण उमेदवारांची संख्या ठरविणारी कोणतीही मान्य यंत्रणा तेथे नव्हती. ती पोकळी कारागिरांनी गुप्त संघटनेद्वारे भरून काढण्याचा प्रयत्न केला.

३. राजसत्तेने १५३९ व १५४१ मध्ये मालकांना अमर्याद अधिकार दिला आणि १५७२ मध्ये यंत्रामागे दोन उमेदवार अशी मर्यादा घातली. संघटनेला मान्यता न देताही तिची एक मूलभूत मागणी मान्य करावी लागली, हे कारागिरांच्या तेहेतीस वर्षांच्या चिकाटीचे फलित होय.

४. उमेदवारांच्या संख्येचा प्रश्न हा मूलतः शिकविणाऱ्याच्या अधिकाराचा प्रश्न आहे. जो आपले कौशल्य दुसऱ्याच्या हाती देतो, त्याला त्या देण्यामुळे स्वतःची जागा गमवावी लागत असेल, तर तो शिकविणे थांबवील. मग मालकाजवळ यंत्र उरेल, उमेदवारही उरतील, परंतु त्यांना देण्याजोगी विद्या उरणार नाही.